रोहिणी खाडिलकर आणि वेगळी यादी

बुद्धिबळाचा पट मांडला, की आपल्याकडे दोन्ही बाजूंना मिळून दोन राजे, दोन वजीर आणि बाकी सगळं सैन्य उभं राहतं. बाई एकही नाही. इंग्रजीत ज्या मोहऱ्याला राणी म्हणतात, तो आपला वजीर. हा खेळ इथून इराणात, तिथून अरबांकडे आणि पुढे युरोपात गेला, तेव्हा त्यात वजीरच होता. स्वित्झर्लंडमध्ये आइन्झीडेल्न नावाचा एक ख्रिस्ती मठ आहे. तिथल्या, दहाव्या शतकाच्या अखेरच्या लॅटिन हस्तलिखितात बुद्धिबळाचं वर्णन सापडतं. युरोपातली या खेळाची ती सगळ्यांत जुनी नोंद मानली जाते. त्या वर्णनात राजाच्या शेजारी राणी येऊन बसलेली आहे. पुढे आणखी पाचशे वर्षांनी तिला लांब पल्ल्याची चाल मिळाली आणि पटावरचं सगळ्यांत बलवान मोहरं ती झाली. आपण चाल घेतली, नाव मात्र वजिराचंच ठेवलं.

मी शब्दांत रमणारा माणूस, त्यामुळे या नावांच्या गमतीत थोडा रेंगाळलो. पण पटावर राणी असलेल्या देशांत काय किंवा वजीर असलेल्या देशात काय, पटासमोरच्या खुर्चीबद्दल फार काळ एकच समजूत होती. तिथे पुरुषानं बसायचं. १९७६ मध्ये तेरा वर्षांची एक मराठी मुलगी भारताच्या पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या खुर्चीवर जाऊन बसली. रोहिणी खाडिलकर तिचं नाव.

आमच्या आंजर्ल्याचा आणि खाडिलकरांचा संबंध काय, असं कुणी विचारेल. नातंगोतं काही नाही. संबंध वर्तमानपत्राचा. त्या काळी आंजर्ल्याला यायचं तर हर्णैच्या बाजूनं तरीत बसून खाडी ओलांडावी लागे. जोग नदीच्या मुखावरचा पूल पुढे झाला. मुंबईचं वर्तमानपत्र एस.टी.नं दापोलीला, तिथून हर्णैला आणि मग तरीतून आमच्याकडे येई, तोवर बातम्या शिळ्या झालेल्या असत. पण गणपतीला, शिमग्याला आणि ईदला चाकरमानी येत, त्यांच्या पिशवीत ‘नवाकाळ’ हटकून असे. कधी वाचायला, कधी बोंबील बांधायला. नाटककार कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९२३ मध्ये सुरू केलेलं हे पत्र गिरणगावात घराघरांत जात होतं. त्यांचे नातू नीलकंठ खाडिलकर तेव्हा संपादक होते. अग्रलेख मोठ्यांसाठी. आम्हा पोरांना त्या घरातल्या तीन मुलींचं अप्रूप, कारण त्या बुद्धिबळ खेळत आणि जिंकत.

वासंती, जयश्री आणि रोहिणी. रोहिणी धाकटी, जन्म १ एप्रिल १९६३ चा. भारतात बुद्धिबळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये आंध्रात एलुरूला झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या तिचे संयुक्त विजेते. महिलांसाठी अशी स्पर्धा निघायला १९७४ उजाडलं. एकोणीस वर्षं. त्या पहिल्या स्पर्धेत वासंती विजेत्या ठरल्या आणि पुढची जवळजवळ दहा वर्षं ते अजिंक्यपद खाडिलकरांच्या घरातच या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलं. जयश्रींनी ते चारदा मिळवलं, रोहिणींनी पाचदा. १९७९ मध्ये जयश्री महिलांमधल्या इंटरनॅशनल मास्टर झाल्या. तो किताब मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हंगेरीच्या पोल्गार भगिनींचा जगभर बोलबाला झाला तो यानंतर. तीन बहिणी, एक घर, एक खेळ ही गोष्ट आपल्याकडे आधीच घडून गेली होती.

आता १९७६. त्या वर्षी रोहिणी महिलांच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या, आजवरच्या सर्वांत लहान. इथवर सगळे खूश होते. मुलगी हुशार आहे, कौतुक करावं, हार घालावा. पण त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गडबड उडाली. तिथे ती नुसती बसली असती, एकामागून एक डाव हरली असती, तर कदाचित तेही कौतुकात मोडलं असतं. तिनं तीन राज्यांच्या विजेत्यांना हरवलं. गुजरातचे गौरांग मेहता, बंगालचे ए. के. घोष आणि खुद्द महाराष्ट्राचे अब्दुल जब्बार. आमच्या मोहल्ल्यात पुढे कित्येक वर्षं ही बातमी सांगताना जब्बारांचं नाव जरा हळू आवाजात घेतलं जाई, आपल्या माणसाचा पराभव म्हणून. माझे चाचा मात्र ते मुद्दाम मोठ्यानं घेत. ते जहाजावर नोकरी केलेले, जगभरची बंदरं पाहिलेले. म्हणत, “अरे, पोरगी चांगली खेळली म्हणून तो हरला. त्यात लाज कसली?”

महिलेनं पुरुषांच्या स्पर्धेत खेळावं की नाही, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल तिच्या बाजूनं लागला. प्रकरण जागतिक बुद्धिबळ महासंघापर्यंतही पोहोचलं. तिथे अध्यक्ष होते हॉलंडचे मॅक्स यूवे. गणिताचे शिक्षक, आणि १९३५ ते १९३७ या काळात जगज्जेते. त्यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून महिलांना मज्जाव करता येणार नाही.

यूवे यांच्याबद्दल एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्हेरा मेन्चिक ही महिलांची पहिली जगज्जेती. १९२७ मध्ये लंडनला तिनं ते पद मिळवलं. १९२९ मध्ये कार्ल्सबादच्या स्पर्धेत तिला पुरुषांबरोबर खेळायला बोलावलं, तेव्हा व्हिएन्नाचे आल्बर्ट बेकर यांनी थट्टा केली, की हिच्याकडून जो हरेल त्याला ‘व्हेरा मेन्चिक क्लब’चा सभासद करून घ्यावं. त्याच स्पर्धेत ते स्वतःच तिच्याकडून हरले आणि त्या क्लबाचे पहिले सभासद झाले. पुढे सभासद वाढत गेले. त्यात आपल्या पंजाबातले मीर सुलतान खान होते, आणि मॅक्स यूवेही होते. यूवे तर तिच्याकडून दोनदा हरले. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, लंडनवर पडलेल्या जर्मन उडत्या बॉम्बमध्ये व्हेरा, तिची आई आणि बहीण मारल्या गेल्या. म्हणजे भारतातल्या तेरा वर्षांच्या मुलीला खेळू द्यावं का, हा प्रश्न ज्या माणसासमोर आला, तो तरुणपणी एका बाईकडून दोनदा हार पत्करून पटावरून उठलेला होता. निर्णय देताना त्यांना ते डाव आठवले असतील की नाही कोण जाणे. मला आठवल्यावाचून राहत नाहीत.

वेगळ्या यादीची ही पद्धत काही एकट्या बुद्धिबळाची नाही, आणि तिचं फार ठळक उदाहरण सांगायला मला आंजर्ल्याच्या शेजारीच जाता येतं. आमच्या गावाला लागून मुर्डी आहे. रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचं जन्मगाव. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते पहिले आले, ‘सीनियर रँग्लर’ झाले. तो मान मिळवणारे पहिले भारतीय. दापोली तालुक्यातल्या शाळांत आम्हाला हे दर वर्षी सांगितलं जाई आणि त्याचा अभिमान आजही आहे. पण हे कुणी सांगत नसे, की त्याच परीक्षेत नऊ वर्षांपूर्वी, १८९० मध्ये, फिलिपा फॉसेट नावाची मुलगी सगळ्या मुलांच्या वर होती. तिला सीनियर रँग्लर म्हटलं गेलं नाही. मुलींची नावं वेगळी वाचून दाखवायची पद्धत होती, आणि तिच्या नावापुढे ‘सीनियर रँग्लरच्या वर’ एवढंच वाचलं गेलं. पहिल्याच्या वर, आणि तरीही पहिली नाही. केंब्रिजनं महिलांना पूर्ण पदवी द्यायला सुरुवात केली ती १९४८ मध्ये. ज्यांनी बायकांच्या शिक्षणासाठी हयात घालवली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं, ते महर्षी कर्वेही आमच्याच भागातले, हर्णैपलीकडच्या मुरुडचे. त्यांच्या विद्यापीठाला वेगळी यादी म्हणायचं की आपलं स्वतःचं दार, यावर मी पुष्कळदा विचार केला आहे.

हा प्रश्न माझ्या घरातही एकदा येऊन गेला. आमच्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून वर घेतल्या की पडवीत पट निघत. चाचा देशी पद्धतीनं खेळत. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं, आणि शह बसला नसेल तर राजानं एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारायची. माझी आपा माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिनं वर्तमानपत्रातल्या कात्रणांवरून आंतरराष्ट्रीय पद्धत शिकून घेतली. प्यादं दोन घरं कधी जातं, किल्लेकोट कसा करतात, हे चाचांना तिनं शिकवलं आणि मग त्याच नियमांनी त्यांना हरवलं. तिच्या कंपासपेटीच्या झाकणाला आतून रोहिणी खाडिलकरांचा फोटो खळीनं चिकटवलेला होता. १९८३ च्या सुमारास जवळच्या एका गावी स्पर्धा भरली. चाचा तिला घेऊन गेले, मीही मागे लागून गेलो. नाव नोंदवताना तिला सांगितलं, मुलींचा गट वेगळा आहे. चाचांनी हुज्जत घातली, रोहिणीचं उदाहरण दिलं, कोर्टाचा निकाल सांगितला. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाव मुलींच्या गटातच लिहिलं. त्या गटात दुसरी मुलगीच आली नव्हती. दिवसभर आपा एका बाकावर बसून मुलांचे डाव पाहत राहिली. संध्याकाळी मुलींमध्ये पहिला क्रमांक म्हणून तिच्या हातात स्टीलचा पेला दिला. एकही चाल न खेळता ती विजेती झाली होती. घरी आल्यावर तिनं तो पेला अम्मीच्या रांजणावर ठेवला. पुढे कित्येक वर्षं आम्ही त्यातून पाणी प्यायलो, आपा सोडून.

त्याच सुमारास रोहिणींची कीर्ती शिखरावर होती. १९८० साठीचा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. १९८१ मध्ये हैदराबादला त्या आशियाई महिला विजेत्या झाल्या. बारा डावांत साडेअकरा गुण, म्हणजे अकरा विजय आणि एक बरोबरी, पराभव नाहीच. त्याच वर्षी त्याही महिलांमधल्या इंटरनॅशनल मास्टर झाल्या. १९८३ मध्ये क्वालालंपूरला आशियाई अजिंक्यपद पुन्हा त्यांच्याकडेच आलं. १९७८ मध्ये ब्यूनोस आयरेसला भरलेल्या ऑलिम्पियाडपासून त्या भारताकडून खेळत होत्या. माल्टा, स्वित्झर्लंडमधलं लुसर्न, ग्रीसमधलं थेसालोनिकी, दुबई अशी ती वाट गेली. १९८२ च्या लुसर्नच्या ऑलिम्पियाडमधला कास्पारोव आणि कोर्चनॉय यांचा डाव आजही पुस्तकांतून छापला जातो. जवळच बर्फाचे डोंगर, सरोवर, आणि भारताच्या महिला संघात मराठीत बोलणाऱ्या बहिणी. मला ते चित्र आवडतं. १९८९ मध्ये लंडनला त्या संगणकाशी खेळल्या आणि जिंकल्या. संगणक तेव्हा माणसाकडून हरत असत.

हे सगळं महिलांच्या यादीतलं यश आहे, असं म्हणून बाजूला सारणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना मी दुसरी एक गोष्ट सांगतो. १९३३ मध्ये इंग्लंडात हेस्टिंग्जला ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा झाली. मुख्य स्पर्धा मीर सुलतान खान यांनी जिंकली, आणि महिलांची फातिमा नावाच्या भारतीय मुलीनं. अकरा डावांत साडेदहा गुण. दोघंही सर उमर हयात खान यांच्या पदरी होते. फातिमा तर त्या घरात नोकर होती. साहेब भारतात परतले, त्यांच्याबरोबर ही दोघंही परतली. सुलतान खान यांच्यावर पुस्तकं निघाली आणि २०२४ मध्ये जागतिक महासंघानं त्यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. फातिमा त्यानंतर कुठल्या मोठ्या स्पर्धेत दिसली नाही. तिच्यासाठी इंग्लंडात महिलांची स्पर्धा होती म्हणून निदान तेवढे अकरा डाव तरी नोंदले गेले. ती परतली त्या देशात १९७४ पर्यंत महिलांची राष्ट्रीय स्पर्धाच नव्हती. खेळायची इच्छा असती तरी तिनं कुठे खेळावं?

म्हणून वेगळ्या यादीवर सरसकट राग काढणं मला जमत नाही. मी मराठीत कविता लिहितो. माझं नाव काव्यसंग्रहांच्या समीक्षेत बहुधा ‘मुस्लिम मराठी कवी’ या परिच्छेदात येतं, आणि तो परिच्छेद लेखाच्या शेवटी असतो. १९९० मध्ये सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. तशा संमेलनांनीच मला पहिल्यांदा ध्वनिक्षेपकासमोर उभं केलं, हे मी कसं नाकारू? दुसऱ्या कुणी बोलावलं नव्हतं. पण त्या व्यासपीठावर एकदा उभं राहता आलं, की माणूस शेजारच्या मोठ्या मांडवाकडे पाहायला लागतो आणि तिथल्या दारावर उभ्या असलेल्या माणसाला विचारतो, मला आत का नाही? तेरा वर्षांच्या रोहिणीनं दोन्ही गोष्टी एकाच वर्षात केल्या. आपल्या यादीत पहिली आली आणि दुसऱ्या यादीत जागा मागितली. मला विचाराल तर तिची पाच राष्ट्रीय आणि दोन आशियाई अजिंक्यपदं एका बाजूला ठेवली, तरी त्या एका पुरुषांच्या स्पर्धेतले तीन विजय जड भरतील. विजेतेपदं पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातात. हैदराबादची तिची जागा पुढे अनुपमा अभ्यंकर, भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी घेतली, घ्यायलाच हवी होती. उच्च न्यायालयातला आणि यूवेंचा निर्णय मात्र त्यांच्याही कामी आला.

काम पूर्ण झालं, असं मात्र नाही. महिलांच्या स्पर्धा आजही वेगळ्या आहेत, महिलांचे किताब वेगळे आहेत, आणि त्यांना लागणारे गुणही कमी आहेत. पोल्गार भगिनींतली धाकटी, ज्युडिट, महिलांच्या जागतिक अजिंक्यपदासाठी कधी खेळलीच नाही, तिनं थेट सगळ्यांत वरच्या पुरुषांशी दोन हात केले. सगळ्यांनी तसं करावं म्हणणं सोपं आहे. तेवढा पैसा, तेवढं घरचं पाठबळ किती जणींना मिळतं? २०२४ मध्ये बुडापेस्टला भारतीय महिला संघानं ऑलिम्पियाडचं सुवर्णपदक पहिल्यांदा जिंकलं. त्यात नागपूरची दिव्या देशमुख होती. पुढच्या वर्षी, २८ जुलै २०२५ ला, जॉर्जियातल्या बाटुमीला तिनं कोनेरू हंपीला हरवून महिलांचा विश्वचषक घेतला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्या विजयाबरोबर तिला ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. महिला ग्रँडमास्टर नव्हे, नुसता ग्रँडमास्टर, जो आनंदला आहे, गुकेशला आहे तोच. महिलांच्या यादीतून तो तिला थेट मिळाला, ही गोष्ट आमच्या गावात कुणाला नीट समजावून सांगायची म्हटलं तर अर्धा तास लागतो. मी परवा प्रयत्न केला, तर समोरच्यानं शेवटी विचारलं, “मग दुसरा किताब कशाला ठेवलाय?” मला उत्तर देता आलं नाही.

रोहिणी खाडिलकरांनी १९९३ मध्ये स्पर्धात्मक खेळ सोडला. तेव्हा त्या तिशीच्या होत्या. बुद्धिबळात हे निवृत्तीचं वय नव्हे. पण त्या काळच्या भारतात या खेळावर जगता येत नसे, आणि बाईला तर नाहीच. त्यांनी मुद्रणाचा अभ्यासक्रम घेतला, म्हणजे शाई, कागद, छपाईयंत्र यांच्याशी रीतसर ओळख करून घेतली. १६ डिसेंबर १९९८ पासून त्या ‘संध्याकाळ’ या दैनिकाच्या संपादक झाल्या. जयश्री पुढे ‘नवाकाळ’च्या संपादक झाल्या. आजोबांच्या आणि पणजोबांच्या पिढीपासून पुरुषांनी चालवलेल्या घरच्या धंद्यात आता संपादकाच्या खुर्चीवर बहिणी बसल्या होत्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये नीलकंठ खाडिलकर गेले, तेव्हाच्या मृत्युलेखांत त्यांच्या अग्रलेखांविषयी पुष्कळ लिहून आलं.

‘संध्याकाळ’ मुंबईतल्या स्टेशनांबाहेर दुपारनंतर विकायला येई, गाडी पकडण्याच्या घाईतला माणूस ते विकत घेई. आमच्या आंजर्ल्याचे चाकरमानी सुट्टीला येताना तेही बरोबर आणू लागले. त्याच्या मुखपृष्ठावरचं संपादकांचं नाव मी चाचांना वाचून दाखवलं होतं. त्यांना मोतीबिंदू झाला होता, अक्षरं दिसत नव्हती. त्यांनी एवढंच विचारलं, “खेळते का अजून?”